घोडं लंगडलं तिथवर

परवा आमच्या गावाच्या वेशीत तात्यासाहेब सरकारांच्या नावाची कमान बसवली. कमानीवर घोडा काढलाय. चारी पाय उचलून पळतोय. ते बघून मला हसू आलं, आन् हसू आलं म्हणून रागबी आला. कार्यक्रमात पोरांनी माझ्या तोंडापुढं माइक धरला. म्हणाली, "आबा, तुम्ही सरकारांच्या जवळचं माणूस. दोन शब्द बोला."

मी म्हणलं, "मला न्हाई बोलायचं," आन् खाली बसलो.

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. भरून काय बी आलं नव्हतं. जे बोलायचं होतं ते हारतुऱ्यांच्या समोर बोलता येत न्हाई, एवढंच. मी चौथीपतुर शिकलेला माणूस. लिहायला वेळ लागतो. पर घरात आता घाई करणारं कुणी न्हाई. माझी मंडळी जाऊन बरीच सालं झाली. तिचं नाव कोंडाबाई. हे लिहिणं निम्मं तिच्यासाठी हाय.

सरकार म्हंजी तात्यासाहेब इनामदार. उंच, हडकुळा माणूस. पांढरा फेटा, काळा बंद गळ्याचा कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. कोटाची कोपरं झिजून तांबूस झाली होती, पर बटणं सगळी जागेवर. उन्हाळ्यातबी कोट उतरायचा न्हाई. घाम आला तर म्हणायचे, "कोटाला येतोय, आम्हाला नाही."

आन् बोलणं असं की समोरचा पाघळलाच पायजे. सगळ्यांना अहो-जाहो. गड्याला, भंगारवाल्याला, एस्टीच्या कंडक्टरला. जोत्यावर कुत्रं झोपलं असलं तर त्याला काठी मारायचे न्हाईत. म्हणायचे, "जरा बाजूला होता का?" कुत्रं उठायचंबी.

आम्ही धनगर. बाप मेंढरामागं गेला, आजा मेंढरामागं गेला. दिवाळी झाली की घाट उतरायचा, पाऊस लागायच्या आत परत यायचं. माझ्या वक्ताला वाटा बंद झाल्या, राखीव रानात शिरू देईनात, म्हणून मी मेंढरं घेऊन सरकारांच्या गावात थांबलो. मला गावात सगळे "ए धनगरा" म्हणायचे. सरकार पहिल्या दिवशी म्हणाले, "बिरूजी, या. बसा." आन् कोंडाबाईला म्हणाले, "वहिनी."

इनामदार माणूस मेंढक्याच्या बायकोला वहिनी म्हणतोय. ती त्या दिवशी घरी येऊन कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. त्या एका शब्दावर आमचं घर त्यांच्या रानात राबलं.

मेंढरं रातभर एखाद्याच्या रानात बसवली की त्या रानाला खत मिळतं. शेतकरी त्याच्या बदल्यात धान्य देतो. ही सगळीकडची रीत. आमची मेंढरं सालोसाल सरकारांच्या रानात बसली, पर धान्य कवा आलं न्हाई. मी एकदा आडून विषय काढला, तर ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बिरूजी, घरच्या माणसाला कुणी पोतं मोजून देतं का?"

मी खूश होऊन घरी आलो. कोंडाबाई म्हणाली, "काय दिलं?"

"आपण घरची माणसं हाय म्हणाले."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली, आन् शेजारणीकडं पीठ मागाय गेली.

सरकारांच्या जमिनीचं सांगतो, न्हाईतर माणूस कळायचा न्हाई. त्यांच्या कुठल्यातरी पूर्वजाला लढाईत मर्दुमकी गाजवली म्हणून बक्षीस मिळालं होतं. दिवस उगवल्यापासनं मावळेस्तवर घोडं जेवढं फिरंल तेवढी जमीन तुझी. घोडं सुटलं ते घोडनदीच्या काठानं इनामगावच्या बाजूनं फिरलं, शिरूरची काळी रानं घेतली, भीमेत पडून पलीकडं निघालं, दौंडाच्या अंगाला लागलं, आन् नदीपासनं थोड्या अंतरावर एका माळाला त्याचा पाय मुरगाळला. तिथं हद्द संपली. त्या जमिनीच्या पट्टीचं नाव लंगडी.

सरकार ही गोष्ट सांगताना दर वेळी थांबायचे आन् काठीनं दक्षिणेकडं दाखवायचे. "तिथं लंगडलं नसतं बिरूजी, तर यवतपर्यंत आपलं होतं."

वय वाढलं तसं ते घोडं जास्त पळायला लागलं. यवताचं उरुळी झालं. एका साली तर पुण्याच्या अलीकडं मुक्काम पडला. मी म्हणलं, "सरकार, एका दिसात?"

"घोडं साधं नव्हतं," ते म्हणाले.

आमच्या भागात इनामगावला पूर्वी खोदकाम झालं होतं. हजारो वर्सांमागच्या लोकांची घरं, मडकी, धान्याच्या कणग्या निघाल्या. एकदा पुण्याचे कोण मास्तर ती जागा बघायला आले, ते सरकारांकडं चहाला थांबले. सांगत होते, इथं फार पुरातन माणसं राहत होती, शेती करत होती. सरकारांनी शांतपणानं ऐकून घेतलं, बशी खाली ठेवली आन् म्हणाले, "असतील. आमची कुळं असतील."

मास्तरांना हसावं का न्हाई कळंना. सरकार हसले न्हाईत.

एवढी जमीन म्हणता म्हणता मी त्यांच्या गावात आलो तवा त्यातलं निम्म्याहून जास्त हातातनं गेलं होतं. काही कुळकायद्यात कसणाऱ्यांची झाली, काही सीलिंगमधी गेली, आन् राहिली ती सरकार हळूहळू विकत होते. पर विकली हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. ते म्हणायचे, "ठेवायला दिलीय." चिंचेचा मळा बागायतदाराला ठेवायला दिलाय. बारवेचं रान पुण्याच्या डॉक्टरांना ठेवायला दिलंय. जसं कुणी गावाला जाताना शेजाऱ्याकडं किल्ली देतंय.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते शीव फिरायचे. घोडं फिरलं होतं ती सगळी हद्द, पायी. आपली, गेलेली, विकलेली, सगळी. बरोबर मी असायचो. पाण्याची कळशी, नारळ आन् एक काम आणखी. त्यांचे जोडे धरायचे.

त्यांचा नेम होता, आपल्या मातीत जोडे घालून जायचं न्हाई. बांधावर आले की थांबायचे. म्हणायचे, "बिरूजी, जोडे." मी वाकून जोडे काढून हातात घ्यायचो. पलीकडच्या बांधावर परत पायात घालायचो. आन् यातली गंमत मला फार सालांनी कळली. जी जमीन विकलेली असायची तिथं ते "जोडे" म्हणायचे न्हाईत. तोंडानं म्हणायचे, "हे आपलंच, ठेवायला दिलंय," आन् करकर जोडे वाजवत पुढं जायचे. तोंड काय बी बोलायचं. पाय खोटं बोलत नव्हते. दर साली माझ्या हातात जोडे कमी वेळ राहायला लागले. त्यावरनं मला तवाच कळाय पायजे होतं, यंदा काय गेलं.

रानातली माणसं त्यांना मान द्यायची. चहा ठेवायची. एका जुन्या कुळाचा नातू, कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जाणारा, एकदा फटफटीवर बसल्या बसल्या म्हणाला, "सरकार, सातबारा तर आमच्या नावावर हाय. मग तुम्ही बघाय काय येता?"

त्याची आई घरातनं धावत आली, "आरं मुडद्या, जीभ झडंल!" सरकारांनी तिला हातानं थांबवलं.

"बघायला येतो, बाळासाहेब," ते त्या पोराला म्हणाले. "लेक दिली म्हणून बापानं तोंड बघू नये का?"

पोरगं फटफटीवरनं उतरलं आन् पाया पडलं. मी कळशी घेऊन मागं उभा होतो. मला वाटलं, असा माणूस होणे न्हाई.

आणखी एक सांगतो. मी का बांधला गेलो ते कळंल. एकदा कोर्टाच्या कामाला त्यांच्या जुन्या जीपमधनं पुण्याला चाललो होतो. जीप हुसेनभाई चालवायचा. आमच्याच वयाचा, गावातल्याच मुसलमान घरातला. यवतला हायवेच्या एका धाब्यावर जेवायला थांबलो. मी आत पाय ठेवला तर मालक म्हणाला, "ए, तू भाईर बस. मेंढराचा वास येतोय, गिऱ्हाईक उठतंय."

मी गुमान बाहेर आलो. खडीच्या ढिगाशेजारी बसलो. बघतो तर मागनं सरकार. हातात स्वतःचं ताट. माझ्या शेजारी धुरळ्यात मांडी घालून बसले. काळा कोट, फेटा, सगळं तसंच. धाबेवाला पळत आला, "सरकार, आत चला, चुकलं."

"तुमच्या आत फार गर्दी आहे," ते म्हणाले. "आम्हाला मोकळी जागा लागते. बिरूजी, कांदा घ्या."

हुसेनभाईबी ताट घेऊन बाहेर आला. तिघं तिथं जेवलो. ट्रकांची धूळ ताटात येत होती. त्या दिवसानंतर त्यांनी मला विहिरीत उडी टाक म्हणलं असतं तर मी टाकली असती. त्यांनाबी ते माहीत होतं. आता कळतंय, नक्की माहीत होतं.

आता लंगडीचं.

ब्याण्णव-त्र्याण्णवचं साल असंल. त्या पाडव्याला कोंडाबाई शीव फिरायला बरोबर आली. तिथं भीमेवर तवा पूल नव्हता, होडीतनं पलीकडं गेलो. लंगडीच्या बांधावर सरकार म्हणाले, "बिरूजी, जोडे." अनवाणी चालत बाभळीखाली गेले, बसले आन् म्हणाले, "वहिनी, भूक लागली."

कोंडाबाईनं तीन दगडं मांडली, काटक्या पेटवल्या, पिठलं केलं, भाकरी थापली. सरकार मातीवर बसून जेवले. हात धुताना म्हणाले, "वहिनी, आज तृप्त झालो. बोला, काय पाहिजे?"

ती कवा कुणाकडं काय मागणारी बाई नव्हती. पर त्या दिवशी म्हणाली. डोक्यावरचा पदर पुढं वढून, खाली बघून म्हणाली, "सरकार, लगीन झाल्यापसनं चूल उचलतीया. आज हिथं मांडायची, उद्या उचलायची. मांडलेली चूल परत उचलायला लागणार न्हाई, आशी टीचभर जागा पायजे. दुसरं काय बी नगं."

सरकार उठले. काठी मातीत रोवली. "ही लंगडी तुमची. माझ्या मागं ही पट्टी तुमची, वहिनी. चूल मोडू नका. राहू द्या ती दगडं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "कुठं बोलू नका. भावकी जळते."

होडीत परत येताना ती सगळा वेळ मागं तोंड करून बसली होती. मी म्हणलं, "पडशील." ती म्हणाली, "पडू द्या."

त्यानंतर ती बदलली. आमचं पत्र्याचं घर होतं, दुसऱ्याच्या जागेत. घरमालक काय बोलला की आधी रडायची. आता नुसती हसायची. सरकारांच्या घरी लग्न असो, बाळंतपण असो, पहाटेपासनं राबायची. लोणची घालायची, गोधड्या शिवायची. त्यांच्या मंडळींच्या आजारपणात पाय चेपत बसायची. कुणी म्हणलं, काय मिळतं गं तुला, तर म्हणायची, "मिळायचं ते मिळालंय."

आमचा पोरगा दत्तू. कुरकुंभला कंपनीत लागलेला. त्याला गुपित सांगितलं तर तो म्हणाला, "आबा, कागद करून घ्या."

"सरकारांकडं कागद मागायचा?"

"मग काय झालं? ते आपल्याकडनं मेंढरं फुकट बसवून घेत्यात ते चालतं व्हय?"

कोंडाबाईनं त्याच्यापुढचं ताट उचललं. पोटच्या पोराचं भरलेलं ताट. म्हणाली, "त्यांनी धाब्यावर तुझ्या बापासंगं धुरळ्यात बसून भाकर खाल्ली. तू खाल्ली असतीस का?"

तरी मी एकदा सरकारांच्या कानावर घातलं, पोरगा असं म्हणतोय. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. तोंडावर दुखावल्यासारखं दिसलं. मग म्हणाले, "दत्तूजींना कंपनीत कागद लागतात. त्यांचं बरोबर आहे. आपल्यात लागतात का, बिरूजी?"

मी म्हणलं, "न्हाई सरकार." आन् माझीच मान खाली गेली.

दोन हजार साल उलटल्यावर सरकारांचं पलीकडं जाणं बंद झालं. साखरेनं पाय सुजतात म्हणायचे. शीव फिरताना भीमेच्या अलीकडच्या काठावर थांबायचे आन् काठीनं दाखवायचे, "ती बघा, लंगडी." कोंडाबाई कपाळावर हात धरून बघायची. मला विचारायची, "बाभळ दिसतीया का वो?" पलीकडं कुठलीतरी बाभळ दिसायची. मी म्हणायचो, "दिसतीया." घरी येऊन ती कडूनिंबाचा पाला वाटायची आन् सरकारांच्या पायाला लावायला द्यायची.

मग तिचंच पोट दुखायला लागलं. पुण्याच्या दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं. आमच्या पत्र्याच्या घरात ती भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. सरकार बघायला आले. खुर्ची दिली ती बाजूला सारून जमिनीवर बसले. तिचा हात हातात घेतला. माझ्यादेखत घेतला, दत्तूच्या बायकोदेखत घेतला.

"वहिनी, ऐकताय ना? लंगडीवर तुमची चूल पेटल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही."

ती मरायला टेकलेली बाई, पदर सारखा करायला बघत होती. म्हणाली, "सरकार, तुमी उगं तरास करून घेऊ नगा. दगडं हायती ना तिथं? मग झालं."

"आहेत. तशीच आहेत."

ती गेली तवा तिच्या तोंडावर कसली तक्रार नव्हती. हे लोक मला चांगलं म्हणून सांगतात. सुखानं गेली म्हणतात. मला तेच सहन व्हत न्हाई.

पुढच्या साली, पावसाळ्यात, सरकार गेले. गाव लोटलं. दहाव्याला आम्ही नदीवर जमलो. सरकारांचा मुलगा विक्रमराव पुण्याहून आलेला, डोकं भादरलेलं, उपरणं सावरत उभा. भटजींनी पिंड मांडले. पलीकडं झाडावर कावळे बसलेले होते. सगळे बघत होते. एकबी खाली येईना.

कावळा शिवंना म्हंजी गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलेली. मग जवळच्या माणसानं पुढं होऊन कबूल करायचं असतं, तुमचं अमुक मी करीन. विक्रमराव पुढं झाला, हात जोडले. "बाबा, घर नीट सांभाळू. आईला पुण्याला नेऊ." कावळा हलला न्हाई. "बाबा, तुमचं वर्षश्राद्ध गावातच करू." न्हाई. ऊन चढायला लागलं. बायका कुजबुजायला लागल्या.

मला माहीत होतं काय अडलंय ते. माझ्या बायकोला दिलेला शब्द. चूल पेटल्याशिवाय डोळे मिटणार न्हाई म्हणलेला माणूस कसा जाईल? मी मनात म्हणत होतो, इक्रमराव, म्हणा आता. म्हणा, लंगडीचं बघतो. पर त्याला माहीत असंल नसंल. मीच पुढं व्हावं म्हणून पाय उचलला, तेवढ्यात गंगाराम पुढं गेला.

गंगाराम आमच्या गावचा न्हावी. रोज सकाळी सरकारांची दाढी करायचा. हात जोडून पिंडाला म्हणाला, "सरकार, लंगडीची काळजी करू नगा. इक्रमराव करतील माज्या नावावर. तुमी सुखानं जावा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हणलं, "गंगाराम, कुठली लंगडी?"

"भीमंच्या पलीकडली. लंगडी काय धा-पाच हायत्या व्हय?"

"ती तुझी कशी?"

"मला दिलीया सरकारांनी. त्यांच्या मागं." त्यानं छाती पुढं काढली. "कुणाला बोलू नको म्हणले व्हते. आता गेल्यावर बोलाय काय हरकत हाय?"

मागं, जरा लांब, दगडावर हुसेनभाई बसला होता. तो उठला. त्याचा आवाज कधी मोठा निघत न्हाई. म्हणाला, "बिरूआबा, ती... ती तर मला कबूल केली होती. जीपचा पगार कधी घेतला नाही मी. पोरीचं घर बांधायचं म्हणून."

मी, गंगाराम, हुसेनभाई एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

विक्रमराव वैतागून म्हणाला, "काय चाललंय? लंगडी? ती बाबांनी केव्हाच विकली. मी फ्लॅट घेतला तेव्हा. एका कारखानदारानं घेतली. तुम्हाला कुणालाच माहीत नाही?"

"फ्लॅट कवा घेतला?" मी विचारलं.

"आबा, आत्ता ही वेळ आहे का?"

"कवा घेतला?"

"आमच्या चिंगीच्या जन्माच्या वर्षी."

चिंगीच्या बारशाला कोंडाबाईनं दुपटी शिवून दिली होती. तवा तिचं पोट दुखत नव्हतं. चांगली हिंडतफिरत होती. म्हंजी जमीन आधी विकली, आन् मग माझ्या घरी येऊन, जमिनीवर बसून, मरणाऱ्या बाईचा हात धरून तो माणूस बोलला. दगडं तशीच हायत म्हणाला.

भटजींनी घसा साफ केला. म्हणाले, "तुम्ही तिघं सोडून द्या म्हणजे जीव मोकळा होईल. म्हणा, सोडलं."

गंगाराम रडायला लागला होता. नाक पुसत म्हणाला, "सोडलं, सरकार. जावा." हुसेनभाईनं आकाशाकडं बघितलं. म्हणाला, "मी माफ केलं. अल्ला त्यांना माफ करो." मग सगळी माझ्याकडं बघाय लागली.

"आबा, म्हणा."

"म्हणा आबा, ऊन झालंय."

"मेलेल्या माणसावर कसला राग धरताय?"

माझी जीभ उचलंना, असं न्हाई. चांगली उचलत होती. मी म्हणलं, "शब्द मला दिलेला न्हाई. माझ्या बायकोला दिलाय. ती वर गेलीया, हेबी वर गेल्यात. तिथं तिच्यापुढं उभं राहू द्या. ती म्हणली सोडलं, तर सोडलं. मी कोण?"

विक्रमराव म्हणाला, "आबा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मी म्हणलं, "माझीबी तुमच्या बापाकडनं नव्हती."

शेवटाला भटजींनी दर्भाचा कावळा केला. गवताची गाठ मारून चोच केली आन् ती पिंडाला टेकवली. झालं म्हणाले. लोक आंघोळीला उतरले. झाडावरचे कावळे तसेच बसून होते.

पिंडाला कावळा शिवला न्हाई ही गोष्ट गावात आता कुणी काढत न्हाई. कमान झाली. भाषणात कुणीतरी म्हणालं, सरकारांनी सारी जमीन गोरगरिबांवर उधळली. टाळ्या पडल्या. गंगारामबी वाजवत होता.

मी घरी येऊन कोंडाबाईच्या फोटोपुढं बसलो. तिला सांगावं का न्हाई, कळंना. अजून सांगितलेलं न्हाई.

पर डोळ्यापुढनं हटत न्हाई तो दहावा न्हाई. ती त्याच्या आधीची गोष्ट हाय. सरकारांच्या शेवटच्या पाडव्याची. कोंडाबाई नुकती गेली होती. सरकार गावाजवळच्या विहिरीच्या तुकड्यात काठी टेकत आले, थांबले, म्हणाले, "बिरूजी, जोडे." सुजलेल्या पायांनी अनवाणी त्या तुकड्याला फेरी मारली. मग नेहमीसारखं नदीच्या काठावरनं दाखवायला निघाले, तर मी म्हणलं, "सरकार, यंदा पलीकडं जाऊ. पूल झालाय, जीप हाय. मला तिची दगडं बघायची हायत."

ते नदीकडं बघत राहिले. काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत होते. मग म्हणाले, "चला."

रस्ता संपला तिथं हुसेनभाई जीपपाशी थांबला. आम्ही दोघं पाऊलवाटेनं निघालो. मी त्यांचा दंड धरला होता. लंगडीच्या बांधावर आलो तर चौफेर लोखंडी खांब आन् काटेरी तार. आतलं रान बुलडोझर फिरवल्यासारखं सपाट. बाभळ न्हाई. दगडं न्हाईत.

"सरकार, तार कुणी घातली?"

"मीच. रानडुकरं येतात. तुमच्या सूनबाई चूल मांडणार, तर आधी बंदोबस्त नको का?"

"आन् बाभळ?"

"वाळवी लागली होती. दुसरी लावू. चांगली, गोड शेंगांची चिंच लावू, वहिनींच्या नावानं."

माझे डोळे भरून आले. मला वाटलं, मला न सांगता ह्या माणसानं किती केलंय. सरकार तारेपाशी गेले. एक हात तारेतनं आत घातला. कोटाची बाही काट्याला अडकली, टर्रकन आवाज झाला, तरी हात आत नेला आन् वाकून चिमूटभर माती उचलली. माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "वहिनींच्या फोटोपाशी ठेवा."

मी माती धोतराच्या सोग्यात बांधली. मग सवयीनं खाली वाकलो, दोन्ही हात पुढं केले.

"सरकार, जोडे."

ते माझ्या हातांकडं बघत राहिले. मग नदीकडं तोंड फिरवलं.

"राहू द्या, बिरूजी. आज राहू द्या."

मी हात मागं घेतले. मला वाटलं, पाय दुखत असतील.